गाडी नावावर आहे म्हणून दंडही नावावर? इंग्लंडमधील पार्किंग नोटिशीला रजिस्टर्ड कीपरने उत्तर कसे द्यावे

इंग्लंडमध्ये गाडी बाळगणाऱ्या बहुतेक मराठी घरांत हे पत्र एकदा तरी आलेले असते. वर ठळक अक्षरांत ‘पार्किंग चार्ज नोटीस’, त्याखाली गाडीचा नंबर, दोन धूसर छायाचित्रे (एकात गाडी आवारात शिरताना आणि दुसऱ्यात बाहेर पडताना) आणि मग रक्कम: १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ६० पौंड. ज्याच्या नावावर हे पत्र येते तो त्या दिवशी गाडीत होता की घरी झोपला होता, हे पत्र पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. वाहनांची नोंद ठेवणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेकडे गाडी त्याच्या नावावर आहे, म्हणून पत्र त्याला आले, इतकेच. त्या नोंदीमुळे पैसे देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते का, या प्रश्नाचे उत्तर ‘नेहमी नाही’ असे आहे, आणि हे ‘नेहमी नाही’ नीट समजले तर पुष्कळ लोकांचे पैसे आणि झोप दोन्ही वाचतील असे मला मनापासून वाटते.

आपल्यापैकी जे महाराष्ट्रात गाडी चालवायला शिकले त्यांच्या मनात वाहतुकीचा दंड म्हणजे सरकार, हे समीकरण पक्के बसलेले असते. चौकात हवालदार पावती फाडतो, नाहीतर मोबाइलवर ई-चलान येते. दोन्हींच्या मागे पोलीस असतात. त्यामुळे इंग्लंडमध्ये नंबर, छायाचित्र आणि रक्कम असलेले पत्र हातात पडले की आपण ते सरकारी समजूनच वाचतो. नुकतेच व्हिसावर आलेले लोक तर ‘पुढे अडचण नको’ म्हणून त्याच संध्याकाळी पैसे भरून टाकतात. त्या पत्राचा कागद सरकारी वाटावा असाच असतो, म्हणून ही चूक होते. दुकानाच्या, रुग्णालयाच्या किंवा उपाहारगृहाच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीबद्दल खाजगी कंपनीकडून आलेली नोटीस हा दंड नसतो. कराराचा भंग झाला असे सांगून केलेली ती पैशांची मागणी असते. तिच्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही आणि चालकाच्या परवान्यावर दंडाचे गुणही (पेनल्टी पॉइंट्स) चढत नाहीत.

म्हणून पत्र आले की सर्वांत आधी ते कोणाचे आहे ते पाहावे. गोंधळ असा की कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, ‘पेनल्टी चार्ज नोटीस’चे आणि खाजगी कंपनीच्या ‘पार्किंग चार्ज नोटीस’चे लघुरूप एकच आहे, पीसीएन. पोलिसांची ‘फिक्स्ड पेनल्टी नोटीस’ हा तिसराच प्रकार असून तो फौजदारी कायद्याखाली येतो. पत्रावर कौन्सिलचे नाव आणि २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट अ‍ॅक्टचा उल्लेख असेल तर ती कौन्सिलची नोटीस. कंपनीचे नाव आणि २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टचा उल्लेख असेल, किंवा कोणत्याच कायद्याचा नसेल, तर ती खाजगी. या दोन्हींत गाडी नावावर असलेल्या माणसाची स्थिती पूर्णपणे वेगळी असते.

कौन्सिलच्या नोटिशीत गाडी कोण चालवत होते हा मुद्दाच नसतो. कायद्याने जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि रजिस्टर्ड कीपर, म्हणजे डीव्हीएलएच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तो माणूस, हाच मालक आहे असे गृहीत धरले जाते; उलट सिद्ध करायचे असेल तर ते त्यानेच करायचे. त्यामुळे ‘त्या दिवशी गाडी माझ्या भाच्याकडे होती’ हे उत्तर येथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात ती कायद्यात नोंदलेली कारणे: नियमभंग झालाच नव्हता, त्या तारखेला गाडी माझ्या मालकीची नव्हती, ती माझ्या संमतीशिवाय नेली होती, गाडी भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे आणि भाडेकरूने जबाबदारी लेखी स्वीकारली होती, मागितलेली रक्कम नियमापेक्षा जास्त आहे, किंवा कौन्सिलने स्वतःच कार्यपद्धती पाळलेली नाही. काचेवर लावलेल्या नोटिशीचे पैसे चौदा दिवसांत भरले तर रक्कम निम्मी होते. न भरता अनौपचारिक हरकत घेता येते, आणि ती फेटाळली गेली तर ‘नोटीस टू ओनर’ येण्याची वाट पाहून अठ्ठावीस दिवसांत औपचारिक हरकत नोंदवता येते. या औपचारिक हरकतीला कौन्सिलने छप्पन्न दिवसांत उत्तर दिले नाही तर हरकत मान्य झाली असे धरले जाते. नकार आलाच तर लंडनमध्ये लंडन ट्रिब्युनल्सकडे आणि लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये व वेल्समध्ये ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनलकडे विनामूल्य दाद मागता येते. ‘नोटीस टू ओनर’ आल्यानंतरची मुदत दुर्लक्षाने हुकवली तर रक्कम निम्म्याने वाढते आणि प्रकरण वसुलीकडे जाते, म्हणून कौन्सिलचे पत्र टेबलावर पडून राहू देऊ नये. आणि हरकत घ्यायची असेल तर आधी पैसे भरू नयेत. पैसे भरले की प्रकरण मिटले असे मानले जाते.

खाजगी नोटिशीचे गणित मात्र वेगळे आहे, आणि कीपरला खरे संरक्षण तेथेच आहे. १ ऑक्टोबर २०१२ पूर्वी इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेत उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला कुलूप ठोकून पैसे उकळणे हा राजरोस धंदा होता. त्या दिवशी लागू झालेल्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टच्या तरतुदींनी कुलूप ठोकण्यावर बंदी घातली. तोपर्यंत पार्किंगचा करार हा गाडी उभी करणाऱ्या चालकाशीच झालेला असे, आणि चालक कोण हे कळले नाही तर कंपनीचा मार्ग खुंटत असे. ही अडचण दूर करण्यासाठी त्याच कायद्याच्या शेड्युल ४ (चौथे परिशिष्ट) मध्ये कंपन्यांना एक सवलत देण्यात आली. चालकाचे नाव आणि पत्ता कळला नाही तर ठरावीक अटी पाळून कंपनी तीच रक्कम कीपरकडून मागू शकते. या वाक्यातले ‘ठरावीक अटी पाळून’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. अटी पाळल्या नाहीत तर जबाबदारी चालकावरच राहते, कीपरवर येत नाही. शेड्युल ४ इंग्लंड आणि वेल्सपुरतेच आहे. एडिंबरा किंवा ग्लासगोमधील वाचकांनी पुढील हिशेब आपल्याला लावू नये.

येथे एक शब्द स्पष्ट करायला हवा. डीव्हीएलएच्या व्ही५सी या लॉगबुकावर नाव असलेला माणूस ‘रजिस्टर्ड कीपर’ असतो आणि हे कागदपत्र मालकीचा पुरावा नाही, असे त्या लॉगबुकावरच छापलेले असते. गाडी कर्जावर असेल तर मालक वित्तकंपनी असू शकते, आणि पैसे वडिलांनी दिले असले तरी लॉगबुक मुलाच्या नावावर असू शकते. खाजगी पार्किंगच्या कायद्यात मालक कोण याला महत्त्व नाही. गाडी त्या वेळी ज्याच्या ताब्यात ठेवलेली असे, तो कीपर. आणि उलट सिद्ध होईपर्यंत लॉगबुकावरचे नाव हेच कीपरचे नाव मानले जाते. आपण बोलताना सहज ‘मी मालक’ म्हणतो, पण उत्तरात ‘मी रजिस्टर्ड कीपर’ हेच शब्द वापरावेत.

आता अटी पाहू. त्यांतली सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वेळा मोडली जाणारी अट तारखेची आहे. गाडीच्या काचेवर काहीही न लावता कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून थेट टपालाने नोटीस पाठवली असेल, तर ती पार्किंग संपले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलेल्या चौदा दिवसांच्या आत कीपरच्या हाती पडली पाहिजे. मोजायची ती पत्रावर छापलेली तारीख नव्हे, तर पत्र पोहोचल्याची तारीख, आणि टपालाने पाठवलेले पत्र टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचले असे कायदा गृहीत धरतो. कामकाजाचे दिवस मोजताना शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या मोजायच्या नाहीत. प्रत्यक्ष तारखा घेऊन मोजू. समजा गाडी सोमवारी, ३ मार्च २०२५ रोजी आवारात होती. ४ मार्च हा पहिला दिवस, म्हणजे चौदावा दिवस १७ मार्च, तोही सोमवारच. पत्र गुरुवारी १३ मार्चला टपालात पडले असेल तर शुक्रवार हा पहिला आणि सोमवार हा दुसरा कामकाजाचा दिवस, म्हणजे पत्र अगदी शेवटच्या दिवशी पोहोचले आणि अट पाळली गेली. तेच पत्र शुक्रवारी १४ मार्चला टाकले असेल तर ते मंगळवारी १८ मार्चला पोहोचले असे धरले जाईल, आणि त्या एका दिवसाने कंपनीचा कीपरवरचा हक्क संपेल. म्हणून लखोटा फेकू नये आणि पत्र ज्या दिवशी मिळाले ती तारीख त्यावर पेनाने लिहून ठेवावी.

काचेवर आधी नोटीस लावलेली असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा कंपनीने चालकाला अठ्ठावीस दिवस द्यायचे असतात, आणि कीपरला टपालाने जाणारी नोटीस त्यानंतरच्या अठ्ठावीस दिवसांत पोहोचली पाहिजे. वरच्याच उदाहरणात ३ मार्चला काचेवर नोटीस लागली असेल तर कीपरचे पत्र १ एप्रिल ते २८ एप्रिल या काळातच पोहोचायला हवे; त्यानंतर पोहोचलेले पत्र उशिराचे, आणि आधी पोहोचलेले पत्रही नियमाबाहेरचे. काचेवरच्या नोटिशीला घाईघाईने उत्तर देऊन चालक म्हणून स्वतःचे नाव-पत्ता कळवणारे लोक हे दुसरे पत्र येण्याची गरजच संपवून टाकतात.

तारखेइतकाच मजकुरही पाहावा. कोणते वाहन, कोणती जागा, कोणत्या काळासाठी पार्किंग झाले, पैसे कोणाला द्यायचे, हे नोटिशीत असलेच पाहिजे. आम्हाला चालकाचे नाव-पत्ता ठाऊक नाही, आपण एकतर पैसे भरावेत किंवा आपण चालक नसाल तर चालकाचे नाव-पत्ता कळवून नोटीस त्याच्याकडे द्यावी, असे आवाहन असले पाहिजे. आणि नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अठ्ठावीस दिवसांत पैसे आले नाहीत व चालकही कळला नाही तर रक्कम कीपरकडून वसूल करण्याचा हक्क आम्हाला मिळेल, असा इशारा असला पाहिजे. काही कंपन्यांच्या पत्रांत हा इशारा नसतोच, त्याऐवजी ‘आपणच चालक होता असे आम्ही गृहीत धरतो’ असे वाक्य असते. असे वाक्य दिसले तर बहुधा कंपनीने शेड्युल ४ चा आधार घेतलेलाच नाही, असे समजावे. गाडी नावावर आहे म्हणून तीच व्यक्ती चालवत होती, असे गृहीतक या कायद्यात कोठेही नाही. एका गाडीच्या विम्यात नवरा, बायको आणि मुलगा अशी तीन नावे असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे.

आणखी एक अट जागेची आहे. शेड्युल ४ कौन्सिलच्या वाहनतळांना, सार्वजनिक रस्त्यांना आणि ज्या जागेवरचे पार्किंग वेगळ्या कायद्याने नियंत्रित आहे अशा जागांना लागू होत नाही. रेल्वे स्थानके आणि कित्येक विमानतळ यांच्या आवारांना स्वतःचे उपनियम असतात, त्यामुळे तेथे खाजगी कंपनीने कीपरकडे शेड्युल ४ च्या नावाने केलेली मागणी टिकत नाही. पाहुण्यांना सोडायला विमानतळावर दोन मिनिटे थांबलेल्या गाडीबद्दल नोटीस आली असेल तर हा मुद्दा प्रथम तपासावा. मात्र उपनियमांखाली स्वतंत्र कारवाईची तरतूद असू शकते, म्हणून अशा जागेचे पत्र कोणत्या नियमाचे नाव घेते ते वाचूनच उत्तर लिहावे.

यानंतर येतो तो प्रश्न जो लोक मला सर्वांत आधी विचारतात: चालकाचे नाव सांगावेच लागते का? पोलिसांनी फौजदारी गुन्ह्याच्या संदर्भात विचारले तर १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम १७२ खाली सांगावेच लागते, न सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. खाजगी पार्किंग कंपनीला तो अधिकार नाही. ती नाव सांगण्याचे आवाहन करू शकते, सक्ती करू शकत नाही. नाव-पत्ता कळवला तर कीपर बाजूला होतो आणि कंपनी चालकाकडे वळते. न कळवल्यास, वरच्या सगळ्या अटी कंपनीने पाळल्या असतील तर जबाबदारी कीपरवर येते आणि पाळल्या नसतील तर येत नाही. म्हणून नोटिशीतल्या तारखा आणि मजकूर तपासण्याच्या आधी नाव कळवू नये. अटी पाळलेल्या असतील आणि चालक स्वतः पुढे होऊन आपली बाजू मांडायला तयार असेल, तर नाव देण्यात काहीच गैर नाही. नाव न सांगणे म्हणजे लपवाछपवी, असे काही जणांना वाटते, पण कायद्यानेच हा मार्ग ठेवलेला आहे. खोटे बोलणे मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. स्वतः चालवत असताना ‘मी चालवत नव्हतो’ असे कधीही लिहू नये. प्रकरण न्यायालयात गेले तर निवेदनाखाली सत्यतेची सही करावी लागते, आणि तेथील खोटेपणाची किंमत साठ पौंडांच्या कितीतरी पलीकडची असते.

उत्तराची भाषा हा लहानसा, पण आपल्या लोकांना हमखास नडणारा मुद्दा आहे. मराठीत ‘गाडी तिथे लावली होती’ असे म्हटले की कोणी लावली ते सांगावे लागत नाही. आपला कर्मणी प्रयोग कर्त्याला अलगद बाजूला ठेवतो. तेच वाक्य इंग्रजीत लिहिताना आपण सवयीने ‘आय पार्क्ड’ अशी सुरुवात करतो, आणि त्या दोन शब्दांत चालक कोण ते कंपनीला आयते मिळते. एकदा ते मिळाले की चौदा दिवसांची अट आणि इशाऱ्याचा मजकूर यांचा काही उपयोग राहत नाही, कारण कंपनीला कीपरच्या जबाबदारीची गरजच उरत नाही. म्हणून वाक्याचा कर्ता ‘द व्हेईकल’ किंवा ‘द ड्रायव्हर’ ठेवावा. ‘मी या वाहनाचा रजिस्टर्ड कीपर असून आपल्या अमुक तारखेच्या नोटिशीला हरकत घेत आहे, चालकाचे नाव कळवण्यास मी कायद्याने बांधील नाही, आपली नोटीस चौदा दिवसांत पोहोचली नाही, त्यामुळे शेड्युल ४ खाली माझ्यावर जबाबदारी येत नाही’ अशा अर्थाची तीन-चार वाक्ये पुरतात. पानभर संताप लिहिला तर कामाचा मुद्दा त्यात हरवतो.

तारखा बरोबर असतील तर लढाई मूळ घटनेवर लढावी लागते, आणि तेथे पुरावा लागतो. आमच्याच घरी असे झाले. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या शनिवारी आमची गाडी सकाळी एका खरेदी संकुलात दहा मिनिटे थांबली आणि दुपारी परतताना पुन्हा तेथेच थांबली. आवारात तीन तास मोफत होते. दहा दिवसांनी माझ्या नावाने पत्र आले की गाडी ९ वाजून ४१ मिनिटांनी आत शिरली आणि १५ वाजून ३२ मिनिटांनी बाहेर पडली, म्हणजे मुक्काम पाच तास एक्कावन्न मिनिटांचा. कॅमेऱ्याने सकाळचे बाहेर पडणे आणि दुपारचे आत शिरणे टिपलेच नव्हते. पुढची उंच व्हॅन नंबर झाकत असली तरी असे होते, आणि मग यंत्र दोन फेऱ्यांची एक लांब फेरी जुळवते. पत्र चौदा दिवसांच्या आत आले होते, त्यामुळे कायद्याचा मुद्दा हाती नव्हता. फोनमधली छायाचित्रे चाळताना एक सापडले: नऊवारी नेसलेली आमची मुलगी सभागृहाबाहेर गाडीला टेकून उभी, मागे नंबर प्लेट स्पष्ट, वेळ १२ वाजून १८ मिनिटे, ठिकाण तेथून आठ मैलांवर. ते छायाचित्र त्याच्या वेळ-स्थळाच्या नोंदीसह जोडले आणि पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या मधली छायाचित्रे तपासून पाहावीत, अशी विनंती केली. चालकाचे नाव कोठेही लिहिले नाही, ते लागलेही नाही. नऊ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले की नोटीस रद्द केली आहे. तेव्हापासून पत्रातल्या दोन वेळांमधले अंतर अशक्य वाटले तर मी आधी ‘गाडी मध्ये बाहेर गेली होती का’ हे विचारतो.

घटनेवर लढताना काय टिकते आणि काय टिकत नाही, याचा अंदाज हवा. ‘थोड्याशा उशिरासाठी एवढी रक्कम अन्यायकारक आहे’ हा युक्तिवाद सर्वांना सुचतो, पण नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस या खटल्यात तो फेटाळला. चेम्सफर्ड येथील खरेदी संकुलात दोन तास मोफत होते, गाडी छप्पन्न मिनिटे जास्त थांबली होती, आणि ८५ पौंडांची मागणी न्यायालयाने योग्य ठरवली. मात्र त्या निकालात आवारातल्या पाट्या मोठ्या, पुष्कळ आणि सहज वाचता येण्याजोग्या होत्या, याला फार महत्त्व होते. म्हणून पाटी खांबावर उंच, बारीक अक्षरांत, अंधारात किंवा झाडाआड असेल तर त्याच वेळी, त्याच प्रकाशात तिची छायाचित्रे घ्यावीत. संध्याकाळच्या घटनेसाठी दुपारी काढलेले छायाचित्र कंपनीच्याच पथ्यावर पडते. कॅमेरा फाटकावर असतो, त्यामुळे छायाचित्रांमधले अंतर म्हणजे पार्किंगचा काळ नव्हे; जागा शोधण्यात, रांगेत थांबण्यात आणि लहान मुलांना सीटवर बांधण्यात गेलेली मिनिटे त्यात मिसळलेली असतात. वेळ संपल्यानंतर निघण्यासाठी दहा मिनिटांची सवड द्यावी, असे कंपन्यांच्या संघटनांनी २०२४ मध्ये एकत्र जाहीर केलेल्या आचारसंहितेतही आहे. यंत्रात नंबर टाकताना शून्याऐवजी ‘ओ’ हे अक्षर दाबले गेले, अशा किरकोळ चुकीची नोटीस पैसे भरल्याचा पुरावा दाखवल्यावर रद्द झाली पाहिजे, हेही त्या आचारसंहितेला धरून मागता येते.

आणि एक उपाय लोक विसरतात. आवाराचा मालक सहसा पार्किंग कंपनी नसते. तिला नेमणारे दुकान, रुग्णालय किंवा उपाहारगृह असते. त्या दिवसाची खरेदीची पावती किंवा रुग्णालयाच्या भेटीचे पत्र घेऊन व्यवस्थापकाला भेटावे आणि नोटीस रद्द करण्यास सांगावे. माझ्या पाहण्यात सर्वांत लवकर मिटलेली प्रकरणे याच मार्गाने मिटली आहेत, आणि व्यवस्थापकाशी बोलताना कायद्याची कलमे लागत नाहीत.

कंपनीकडे अपील साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत करायचे असते. नकार आला तर त्या पत्रात पुढच्या स्वतंत्र अपिलाचा पत्ता असतो: कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल तर पोपला, आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएस. पोपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. म्हणजे तेथे हरलो तरी न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क जात नाही. मात्र या टप्प्यावर सवलतीचे ६० पौंड बहुधा हातचे जातात आणि पूर्ण रक्कम उरते, हा हिशेब आधी करावा. चूक खरोखर आपली असेल, पाटी स्वच्छ असेल, पत्र वेळेत आले असेल आणि मजकूर कायद्याप्रमाणे असेल, तर चौदा दिवसांत ६० पौंड भरून मोकळे व्हावे असेच मी सांगेन.

पैसे न भरता थांबल्यास वसुली कंपन्यांची पत्रे सुरू होतात, त्यांत रक्कम १७० पौंडांपर्यंत गेलेली दिसते. शेड्युल ४ प्रमाणे कीपरकडून मागता येणारी रक्कम मूळ नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही, हे येथे लक्षात ठेवावे. ही वसुली करणारी माणसे म्हणजे बेलिफ नव्हेत. न्यायालयाचा निवाडा झाल्याशिवाय कोणालाही घरी येऊन वस्तू उचलता येत नाही. पण ‘लेटर बिफोर क्लेम’ असे शीर्षक असलेले पत्र आले तर ते वेगळे ठेवावे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे. त्यानंतर काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म येऊ शकतो, आणि तो आला तर दुर्लक्ष करण्याची मुभा अजिबात नाही. तो बजावला गेल्यापासून चौदा दिवसांत उत्तर द्यावे लागते; फॉर्म मिळाल्याची पोच न्यायालयात नोंदवली तर बचाव दाखल करण्यासाठी एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. दावा लावण्याची मुदत सहा वर्षांची आहे, म्हणून जुनी नोटीस आपोआप विरली असे धरून कागद फाडून टाकू नयेत.

गाडी कंपनीची किंवा भाड्याची असेल तर पहिले पत्र त्या संस्थेकडे जाते. भाड्याची कंपनी कराराची प्रत व भाडेकरूने जबाबदारी स्वीकारल्याचा कागद पाठवून बाजूला होऊ शकते, आणि मग नवी नोटीस भाडेकरूला येते. तिच्यासोबत ही कागदपत्रे जोडलेली नसतील तर तोही हरकतीचा मुद्दा ठरतो. भाड्याची कंपनी स्वतःच पैसे भरून भाडेकरूच्या कार्डावरून ते वळते करते, तेव्हा मात्र लढायला काही उरत नाही. म्हणून गाडी घेताना करारातले ते कलम वाचावे.

गाडी विकली असेल तर त्याच दिवशी डीव्हीएलएला ऑनलाइन कळवावे आणि आपण आता कीपर नाही असे सांगणारे त्यांचे पत्र जपून ठेवावे. विक्रीनंतरच्या तारखेची नोटीस आली तर त्या पत्राची प्रत हेच पूर्ण उत्तर असते. घर बदलले असेल तर परवान्यावरचा पत्ता बदलणे पुरेसे नाही, लॉगबुकावरचा पत्ता स्वतंत्रपणे बदलावा लागतो. तो न बदलणे हा हजार पौंडांपर्यंतच्या दंडाला पात्र असलेला गुन्हा आहेच, पण त्याहून मोठा धोका असा की नोटीस, इशारे आणि शेवटी कोर्टाचा फॉर्म हे सर्व जुन्या भाड्याच्या घराच्या दारात पडत राहते. उत्तर न आल्याने एकतर्फी निवाडा होतो, एका महिन्यात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षे पतनोंदीत राहतो, आणि माणसाला ते कळते गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर. असा निवाडा रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण त्या अर्जाचे शुल्क मूळ नोटिशीच्या रकमेपेक्षा जास्त असते. लॉगबुकावरचा पत्ता बदलायला मात्र काहीच पैसे पडत नाहीत.